एकच कॅरेक्टर धरायचं की दोन-चार खेळायची? स्ट्रीट फायटर ६ खेळणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

स्ट्रीट फायटर ६ हा समोरासमोर दोघांच्या मारामारीचा गेम. त्यातल्या रँक्डमध्ये, म्हणजे गुणांच्या मॅचमध्ये, झांगीफ या कुस्तीगीर कॅरेक्टरने सलग तीन वेळा आपटलं की बहुतेकांचा हात कॅरेक्टर बदलायला जातो. ‘माझं कॅरेक्टरच याच्यापुढे कमी पडतं’ असं मनात येतं. मग केन सोडून जेपी, जेपी जमेना म्हणून कॅमी, कॅमीचे कॉम्बो (एकाला एक जोडून मारलेले फटके) हातात बसेनात म्हणून परत केन. महिन्याभराने पाच कॅरेक्टरं थोडी थोडी येतात आणि झांगीफ पूर्वीसारखाच आपटत राहतो, कारण त्याच्या पकडीचं करायचं काय, हे त्या पाचांपैकी एकाबरोबरही शिकलेलं नसतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. एक कॅरेक्टर हातात पूर्ण बसेपर्यंत दुसरं घेऊ नये, आणि दुसरं घ्यायचंच तर एखाद्या ठरावीक कामासाठी घ्यावं. ते काम तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘अमक्या मॅचअपसाठी’ (म्हणजे समोर ठरावीक कॅरेक्टर आलं तर), ‘तमक्या स्पर्धेसाठी’, अगदी ‘मजेसाठी’ म्हटलंत तरी चालेल. पण ‘हरतोय म्हणून’ हे काम नव्हे.

मोठ्या स्पर्धांचा इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. २०२३ मध्ये हांग्झौला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वूला, आणि तो खेळला वेगा घेऊन. दाइगो उमेहाराने २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षं इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकली ती र्‍यूवर. टोकिडोने २०१७ ची इव्हो अकुमावर मारली, अँग्रीबर्डने २०२३ ची केनवर आणि पंकने २०२४ ची कॅमीवर. दुसरीकडे २०१५ ला मोमोची केन आणि इव्हिल र्‍यू असे दोघे घेऊन जिंकला. २०१८ ला प्रॉब्लेम एक्सने एम. बायसनच्या जोडीला अॅबिगेल ठेवला होता. दोन ठेवणाऱ्यांकडे नीट पाहिलं तर दिसतं की प्रत्येकाला कामं वाटून दिलेली होती, आणि दोघांखालचा पाया एकच होता. तो पाया आधी घालू.

कॅरेक्टर बदललं की काय सोबत येतं, काय मागे राहतं

हे कळलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सोबत येतात त्या खेळाच्या सवयी: समोरचा उडी मारणार हे आधी जाणवणं, पकड सोडवण्याची वेळ, पडल्यावर उठताना न घाबरणं, ड्राइव्ह गेजचा, म्हणजे खास मूव्हसाठी खर्च होणाऱ्या पट्टीचा, हिशेब. गेजचे आकडे सगळ्या कॅरेक्टरांना सारखेच आहेत. सहा खाने, त्यातला एक ड्राइव्ह इम्पॅक्टला (समोरचे फटके झेलत मारलेला जड फटका), दोन ओव्हरड्राइव्हला (स्पेशल मूव्हचा जोरदार प्रकार), दोन ड्राइव्ह रिव्हर्सलला (ढाल धरलेली असताना मारलेला उलटा फटका), तीन एखादी मूव्ह कापून मारलेल्या ड्राइव्ह रशला (झपकन पुढे धाव). सगळे खाने संपून बर्नआउट झाल्यावर कोपऱ्यात काय हाल होतात, हे एकदा अंगावर घेतलं की ते ज्ञान कुठल्याही कॅरेक्टरबरोबर येतं.

मागे राहतं ते सगळं हातातलं. कोणतं बटण किती लांब पोहोचतं, उडी मारून येणाऱ्याला नेमकं कशाने पाडायचं, फटका लागला हे पाहून पुढे कॉम्बो कुठला जोडायचा, समोरच्याची चूक ढालीवर घेतल्यावर शिक्षा कशाने द्यायची, पाडल्यानंतर किती पावलं पुढे जायचं. त्यावर काही कॅरेक्टरांचं स्वतःचं वेगळं खातं असतं. मॅनॉनची पदकं, जेमीचे पेले, जुरीचे साठे. गाइलला सॉनिक बूमसाठी (लांबून फेकायचा फटका) मागे दाबून ठेवावं लागतं, म्हणजे पुढे चालत जाण्याची किंमतच त्याच्यासाठी निराळी. र्‍यूवरून गाइलवर आलात की चालणंसुद्धा नव्याने शिकायचं.

आता यातला खरा मुद्दा. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट २६ व्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाचा अर्धा भागही तुमच्या हातात नसतो. नुसतं दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. उरलेल्या थोड्याशा वेळात ‘हे काय आलं’ हे ओळखून आपलं उत्तर द्यायचं असतं. तुमचं लक्ष जर ‘माझा कॉम्बो पुढे कसा होता’ यात अडकलेलं असेल, तर डोळ्यांना ड्राइव्ह इम्पॅक्ट दिसूनही हात हलत नाही. एक कॅरेक्टर धरण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, की हात आपलं काम न विचारता करू लागतात आणि लक्ष समोरच्या माणसाकडे मोकळं होतं. पाच कॅरेक्टरं फिरवणाऱ्याचं लक्ष कायम स्वतःच्या बोटांवर असतं. तो समोरच्याशी खेळतच नाही.

पहिला टप्पा: मेन (मुख्य कॅरेक्टर) निवडणं

यावर एका आठवड्यापेक्षा जास्त वेळ घालवू नका. खेळ २ जून २०२३ ला आला तेव्हा १८ कॅरेक्टरं होती, आता त्याहून बरीच आहेत. सगळी चाखत बसलात तर वर्ष जाईल. तीन किंवा चार निवडा, प्रत्येकाचं गेममधलंच कॅरेक्टर गाइड एकदा पूर्ण करा, सुरुवातीच्या कॉम्बो ट्रायल करा आणि थोड्या कॅज्युअल मॅच खेळा.

निवडताना स्वतःला एकच विचारा: दोघंही काहीच मारत नाहीत, नुसते समोरासमोर डोलतायत, त्या क्षणी मला काय करावंसं वाटतं? आत घुसावंसं वाटत असेल तर कॅमी, किंबर्ली. लांबून नाचवावंसं वाटत असेल तर जेपी, धालसिम. धीराने उभं राहून समोरच्याला चुकायला लावावंसं वाटत असेल तर गाइल. एकदा जवळ गेलो की घाबरवून सोडावं असं वाटत असेल तर झांगीफ, मॅनॉन. आणि काहीच ठरत नसेल तर र्‍यू, केन किंवा ल्यूक घ्या. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला थोडं थोडं उत्तर आहे, त्यामुळे खेळाचे नियम त्यांच्याबरोबर स्वच्छ कळतात.

टिअर लिस्ट (कॅरेक्टरांची ताकदीनुसार लावलेली यादी) पाहून मेन ठरवू नका. अव्वल खेळाडू एकमेकांना भिडतात तेव्हा कोण सरस, एवढंच ती यादी सांगते. गोल्ड किंवा प्लॅटिनम रँकच्या मॅच त्या फरकावर ठरत नाहीत, चुकलेल्या अँटी-एअरवर (उडी मारून येणाऱ्याला पाडणारा फटका) ठरतात. वरच्या पातळीवरसुद्धा यादी दरवेळी खरी ठरतेच असं नाही. २०१३ ची इव्हो शियानने जेनवर जिंकली, २०१४ ची फ्रान्सच्या लफीने रोजवर, तीही पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड वापरून. त्या दोघांना आपल्या कॅरेक्टरची प्रत्येक बारीक गोष्ट माहीत होती, आणि समोरच्यांना ती कॅरेक्टरं फारशी भेटलेली नव्हती.

कंट्रोलचा प्रकारही इथेच ठरवून टाका. मॉडर्नमध्ये स्पेशल एका बटणावर निघतात, पण तसे काढले तर नुकसान वीस टक्के कमी होतं आणि काही साधी बटणं मिळतच नाहीत. क्लासिकमध्ये सगळं मिळतं, हात बसायला वेळ लागतो. दोन्ही चांगले. मात्र आज मॉडर्न केन आणि उद्या क्लासिक केन खेळणं म्हणजे नाव एकच असलेली दोन कॅरेक्टरं खेळणं आहे.

दुसरा टप्पा: एकाच कॅरेक्टरबरोबर काय, कोणत्या क्रमाने शिकायचं

बहुतेक जण लांबलचक कॉम्बोपासून सुरुवात करतात. मी अँटी-एअर आधी घ्यायला सांगेन. र्‍यू असेल तर क्राउचिंग हेवी पंच आणि शोर्‍युकेन. ट्रेनिंगमध्ये डमीला तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या: उडी मारून येणं, चालत येऊन पकडणं, ड्राइव्ह इम्पॅक्ट. त्या आलटून पालटून, कुठली कधी येईल हे न सांगता चालवा. रोज मॅच सुरू करायच्या आधी दहा मिनिटं एवढंच. उडी येणार हे आधीच ठाऊक असताना पाडणं सोपं असतं. तीन शक्यता डोक्यात असताना पाडता येतं का, हे खरं माप.

मग शिक्षा. समोरच्याची मूव्ह ढालीवर घेतल्यावर तो किती फ्रेम मागे राहतो, हे ट्रेनिंगमधल्या फ्रेम मीटरवर रंगांत दिसतं. सुरुवात, फटका आणि सावरणं असे तीन वेगळे रंग. ढोबळ नियम इतकाच की तो चार किंवा जास्त फ्रेम मागे असेल, आणि अंतर जवळचं असेल, तर चार फ्रेमचा लाइट पंच त्याला लागतो. मोठी चूक असेल, म्हणजे ढालीवर घेतलेला किंवा हुकलेला शोर्‍युकेन, तर तिथे लाइट पंच मारून समाधान मानू नका. त्या जागेसाठी एक जड कॉम्बो पाठ हवा. ही एक सवय लागली की हरणाऱ्या कित्येक मॅच फिरतात.

त्यानंतर लागला-की-जोड असा एक छोटा कॉम्बो, कोपऱ्यातला एक, आणि पाडल्यावरचा एक ठरलेला डाव. प्रत्येकी एक पुरे. सगळ्यात शेवटी लांब कॉम्बो.

किती दिवस? दिवस मोजू नका, खूण पाहा. मॅच संपल्यावर समोरच्याने काय काय केलं हे तुम्हाला आठवत असेल, तर हात बसले. फक्त स्वतःचे हुकलेले इनपुट आठवत असतील तर अजून वेळ आहे.

तिसरा टप्पा: हरलो ते नेमकं कशामुळे

दुसरं कॅरेक्टर घ्यायचं की नाही याचा निकाल खरं तर इथे लागतो, आणि हाच टप्पा लोक सर्रास गाळतात.

ज्या कॅरेक्टरपुढे अडता, त्याच्याशी हरलेल्या दहाएक मॅचचे रिप्ले काढा. रिप्लेमध्ये इनपुट आणि फ्रेम मीटर दोन्ही चालू करता येतात. एक कागद घ्या, चार रकाने आखा: हात, माहिती, निर्णय, मॅचअप. बऱ्यापैकी रक्त गेलं त्या प्रत्येक जागी थांबा आणि एका रकान्यात खूण करा.

काय करायचं हे ठाऊक होतं, बटणही दाबलं, पण निघालं नाही, तर ‘हात’. ती मूव्ह शिक्षा देण्यासारखी आहे हेच ठाऊक नव्हतं, तर ‘माहिती’. ठाऊक होतं, हात चालत होते, पण मी घाईने उडी मारली किंवा उठताना दर वेळी तेच बटण दाबलं, तर ‘निर्णय’. आणि सगळं बरोबर करूनही माझ्या कॅरेक्टरकडे त्या जागी उत्तरच नव्हतं, तरच ‘मॅचअप’.

झांगीफचंच घ्या. त्याची स्क्रू पाइलड्रायव्हर नेहमीच्या पकडीसारखी सोडवता येत नाही, ती ढालीवरही अडत नाही. ती पाहून ‘मॅचअप’मध्ये खूण करायचा मोह होतो. पण ती हुकली की तो बराच वेळ उघडा पडतो. जागच्या जागी उडी मारली की ती हुकते, आणि खाली येताना तुमचा पूर्ण कॉम्बो लागतो. हे माहीत नसेल तर खूण ‘माहिती’त. माहीत असून तो चालत आलेला पाहून तुम्ही गोठून ढाल धरून बसलात, तर ‘निर्णय’त. त्याच्यासमोर न विचारता ड्राइव्ह इम्पॅक्ट मारलात तर तीही ‘निर्णय’त, कारण ड्राइव्ह इम्पॅक्टमधलं चिलखत फटके झेलतं, पकडीपुढे त्याचा काही उपयोग नसतो. असं प्रामाणिकपणे करत गेलात की चौथा रकाना बहुधा रिकामा राहतो. पहिल्या तीन रकान्यांतलं काहीही कॅरेक्टर बदलून सुटत नाही. उलट हातांच्या रकान्यात भर पडते.

चौथा टप्पा: त्रास देणाऱ्या कॅरेक्टरच्या घरी थोडे दिवस राहणं

मला या लेखातली सगळ्यात उपयोगी वाटते ती ही पायरी. दुसरं मेन करायच्या हेतूने नाही, नुसतं ओळख करून घ्यायला, तुम्हाला छळणारं कॅरेक्टर स्वतः हातात घ्या. स्ट्रीट फायटर ६ मध्ये रँक प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी मोजली जाते, त्यामुळे तुमच्या मेनच्या गुणांना धक्का लागत नाही. तरीही हे बॅटल हबमध्ये (खेळातला ऑनलाइन अड्डा) किंवा कॅज्युअलमध्येच करा. जिंकायचा दबाव नको.

दोन-तीन संध्याकाळी पुरतात. कॉम्बो शिकू नका. एवढंच टिपा: झांगीफ म्हणून खेळताना मला कशाचा वैताग येतो? कोणत्या अंतरावर मला काहीच करता येत नाही? समोरच्याने काय केलं की माझी योजना मोडते? ती यादी घेऊन आपल्या मेनकडे परत या. प्रत्येक डावाला तोड असते म्हणतात. ती तोड समोर उभं राहून शोधण्यापेक्षा तो डाव स्वतः टाकून पाहिला की लवकर सापडते.

टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये तर याला पर्यायच नाही. टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हाच ३२ कॅरेक्टरं होती आणि प्रत्येकाच्या शंभराहून जास्त मूव्ह. सगळ्यांची माहिती वाचून पाठ होत नाही. गंमत अशी की टेकनमध्ये कॅरेक्टर बदलणं अंगाला तुलनेने स्वस्त पडतं: दहा फ्रेमचा जॅब, मागे सरकण्याची पद्धत, दहा फ्रेम मागे राहिलेल्याला शिक्षा हा हिशेब, हे बहुतेकांना सारखं लागू होतं. म्हणून तिथले अव्वल खेळाडू जास्त कॅरेक्टरं बाळगताना दिसतात. दक्षिण कोरियाचा ‘नी’ त्यासाठीच ओळखला जातो. लाहोरच्या अर्सलान अॅशने २०१९ मध्ये आधी इव्हो जपान आणि मग लास वेगासची इव्हो, अंतिम सामन्यात याच ‘नी’ला हरवून जिंकली. आपल्या देशात आपल्याइतकेच तगडे खेळाडू आहेत, असं तो तेव्हा सांगत होता. रोज वेगवेगळी कॅरेक्टरं चांगल्या हातांत भेटत असली की माहितीचा रकाना आपोआप भरत जातो. आपल्याकडे तसं मंडळ क्वचित जमतं, म्हणून ही पाहुण्यासारखी राहून यायची युक्ती भारतातल्या खेळाडूला जास्त गरजेची आहे. टेकन ८ च्या रिप्लेमध्ये मधूनच खेळ आपल्या हातात घेता येतो, शिक्षा कुठे देता आली असती हेही तिथे दिसतं. त्याचा पुरेपूर वापर करा.

पाचवा टप्पा: दुसरं कॅरेक्टर कधी घ्यावं

चौथ्या रकान्यात खुणा साठल्या, आणि त्या एकाच कॅरेक्टरपुढच्या आहेत, तर विचार करायला हरकत नाही. पण त्याआधी स्पर्धेचा नियम नीट समजून घ्या, कारण सगळं गणित त्यावर आहे. बहुतेक स्पर्धांत जिंकलेल्याला तेच कॅरेक्टर पुढे चालवावं लागतं आणि हरलेल्याला बदलता येतं. सुरुवातीच्या फेऱ्या तीनपैकी दोन, शेवटच्या फेऱ्या पाचपैकी तीन.

समजा तुम्ही मेन घेऊन पहिला गेम हरलात. दुसऱ्या गेमला राखीव कॅरेक्टर काढलंत आणि जिंकलात. आता तुम्ही अडकलात. तिसऱ्या, निर्णायक गेमला तुम्हाला त्याच राखीव कॅरेक्टरवर राहावं लागणार, आणि समोरचा मात्र हरल्यामुळे बदलू शकतो. त्याच्याकडेही दुसरं कॅरेक्टर असेल, तर तुमचं कच्चं कॅरेक्टर अशा मॅचअपमध्ये सापडतं जो तुम्ही कधी खेळलाच नाहीत. लोक हा भाग विसरतात. म्हणून राखीव कॅरेक्टर घ्यायचं तर ज्याच्यासाठी घेतलं तो मॅचअप पक्का हवा, आणि बाकीच्यांसमोर निदान तग धरता येईल इतकं हवं. नाहीतर मेनवरच दुसरा गेम खेळलेला बरा.

आणखी एक हिशेब. तो मॅचअप तुम्हाला किती वेळा भेटतो? मुंबई-पुण्यातल्या ऑफलाइन गाठीभेटींत येणारी मंडळी बरीचशी तीच ती असतात. तुमच्या गटात चांगला झांगीफ एकच असेल आणि तुम्ही दर वेळी त्याच्याकडूनच बाद होत असाल, तर त्या एका माणसासाठी कॅरेक्टर शिकणं योग्यच. ऑनलाइनमध्ये तो तुम्हाला क्वचित भेटत असेल तर तेवढे तास मेनवर घाला.

खेळाच्या अपडेटमुळे आपलं कॅरेक्टर खरंच मार खातं तेव्हा काय? लगेच उडी मारू नका. मे २०२४ मध्ये अकुमा आला तेव्हा त्याच्यासोबत समतोलाचे मोठे बदल आले होते. अशा वेळी पहिले दोन आठवडे सगळेच आरडाओरडा करतात. नंतर नवे कॉम्बो सापडतात, नव्या तोडी सापडतात. महिनाभर थांबा, मग वरचा कागद पुन्हा भरा. कायमचं बदलणं वाईट असतं असं मात्र नाही. डॉमिनिकन रिपब्लिकच्या मेनाआरडीने २०१७ चा स्ट्रीट फायटर ५ चा कॅपकॉम कप बर्डीवर जिंकला होता. त्याच खेळात, २०२३ मध्ये, तो पुन्हा जिंकला तेव्हा हातात ल्यूक होता. 

मजा हेही कारण पुरेसं आहे. रोज तेच कॅरेक्टर खेळून कंटाळा आला, तर आठवड्यातला एक दिवस मनाला येईल ते खेळा. त्या दिवशी गुण मोजू नका.

संघाच्या खेळांत हा प्रश्नच वेगळा. ड्रॅगन बॉल फायटरझेडला तीन कॅरेक्टरं लागतातच. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेल्यांना किंग ऑफ फायटर्स ९७ आठवत असेल, तिथेही तिघांचा संघ होता. तिथे ‘एकच’ म्हणजे एकच संघ आणि एकच क्रम. तिघांपैकी एकाला आधी पक्कं करा, बाकी दोघांना त्याच्या सोयीने निवडा.

सहावा टप्पा: दुसरं निवडायचं कसं आणि शिकायचं कसं

दुसरं कॅरेक्टर हातांना जवळचं आणि स्वभावाने लांबचं असावं. गाइल खेळणाऱ्याची बोटं मागे धरून ठेवायला सरावलेली असतात, त्याला डी जे किंवा ब्लांका लवकर जमेल. केन खेळणाऱ्याला र्‍यू हातांना सोपा जाईल, पण केनला जो त्रास होतो तोच र्‍यूलाही होत असेल तर त्या कष्टांतून काही मिळालं नाही. ज्या मॅचअपसाठी घेताय त्यात तुमचा मेन कुठे अडतो ते कागदावर आहेच. त्या जागी उत्तर असलेलंच कॅरेक्टर पाहा. झांगीफला लांब ठेवायचं असेल तर जेपी हे उघड उत्तर आहे, मात्र जेपीसाठी बोटं आणि डोकं दोन्ही नव्याने घडवावी लागतील, तेव्हा वेळ आहे का ते आधी बघा.

बटणांची मांडणी दोघांची एकच ठेवा. पॅरी, इम्पॅक्ट, पकड, सगळं त्याच जागी. यात तडजोड करू नका.

शिकताना संपूर्ण कॅरेक्टर शिकू नका, त्या एका मॅचअपपुरतं शिका. डमी म्हणून झांगीफच लावा. अँटी-एअर त्याच्या उडीवर, शिक्षा त्याच्या मूव्हना, लांब ठेवणं त्याच्या चालीला. असं बांधून घेतलं की शिकायचं ओझं बरंच हलकं होतं. आठवड्यात पाच दिवस खेळत असाल तर चार मेनला, एक दुसऱ्याला. सुरुवातीला एका बैठकीत दोन्ही खेळू नका, हात गोंधळतात.

हात स्थिरावले की मग मुद्दाम उलटं करा. मित्राला सांगून झांगीफविरुद्ध पाचपैकी तीनचे सेट खेळा, आणि प्रत्येक सेटमध्ये एकदा मेनवरून दुसऱ्यावर या. स्पर्धेत तुम्हाला थंड हातांनी, नुकतंच हरल्यावर, लोक बघत असताना बदलायचं आहे. तो बदल स्वतःच सरावाची गोष्ट आहे. जिंकलेला सेट असेल तर पुढच्या गेमला मित्राला कॅरेक्टर बदलायला सांगा, म्हणजे मघाचा अडकण्याचा प्रसंग घरीच येऊन जाईल.

स्पर्धा दोन आठवड्यांवर आली की नवीन काही नाही. राखीव कॅरेक्टर रोज पंधरा मिनिटं, बाकी सगळं मेन.

मास्टर रँकला, म्हणजे २५ हजार लीग पॉइंटच्या पुढे, एमआर (मास्टर रेट) १५०० पासून मोजायला लागतो आणि तोही प्रत्येक कॅरेक्टरचा स्वतंत्र. त्यामुळे दुसऱ्याचा एमआर मेनपेक्षा खाली दिसला तर घाबरू नका. त्याला सगळ्यांना हरवण्यासाठी घेतलेलंच नाही. बकलर्स बूट कॅम्प या खेळाच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या पानावर कुठल्या कॅरेक्टरविरुद्ध किती जिंकलात हे दिसतं. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फक्त एक आकडा पाहा: झांगीफविरुद्ध मेनचं प्रमाण किती आणि राखीवचं किती. मॅच पुरेशा झाल्या असूनही राखीव पुढे नसेल तर त्याला बंद करा आणि ते तास परत मेनला द्या. पुढे असेल तर ठेवा, पण तिसऱ्याचा विचार करण्याआधी कागद पुन्हा कोरा घेऊन चार रकाने आखा.